उघड्या गाडीत गाणं हवंय, पण दिसायला नको

जुनी जीप, कापडी हूडची जिप्सी किंवा २०१० मध्ये आलेली पहिली थार तुमच्या दारात उभी असेल, तर तिच्या डॅशबोर्डकडे एकदा नीट बघा. दोन-चार डायल, थोडे खटके, बाकी सगळं साधं. या गाड्यांचं रूप त्या साधेपणातच आहे. तिथे निळ्या दिव्यांचा चमचमता टचस्क्रीन बसवला, तर नऊवारीवर स्पोर्ट्स शूज घातल्यासारखं दिसतं. शिवाय कापडी हूडला कुलूप नसतं. ब्लेडने चीर दिली की चोराचा हात आत! त्यामुळे अशा गाडीत सिस्टीम लपलेली असणं ही नुसती हौस नाही.

बरं झालं, आता डॅशमध्ये मोठा सेट लागतच नाही. गाणी तुमच्या फोनमध्ये आहेत. ब्लूटूथ असलेला छोटा चार चॅनलचा अँप्लिफायर एखाद्या जाड पुस्तकाएवढा असतो. तो ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा डॅशच्या मागे उंचावर मावतो. आवाज कमी-जास्त करायचं एक गोल बटण मात्र डॅशच्या खालच्या कडेला, हाताला सहज लागेल असं घ्या. गाडी चालवताना त्यासाठी फोन चाचपडायची वेळ येऊ नये. आणि एक अट दुकानदाराला आधीच सांगून टाका : गाडीचा पत्रा कापायचा नाही. उद्या सगळं काढलं, तर गाडी जशी होती तशी दिसली पाहिजे.

बेसवर पैसे घालवू नका

दुकानात गेलात की पहिला आग्रह होतो तो मागे मोठा वूफर टाकण्याचा. बंद गाडीत तो शोभतो, कारण काचा आणि छत खोल आवाजाला कोंडून ठेवतात आणि तो आपोआप भारदस्त होतो. हूड उघडलं की ही फुकटची मदत संपते. त्यात टायर, इंजिन आणि वारा यांची घरघरही त्याच खालच्या पट्टीतली, म्हणजे उरलासुरला बेसही त्यातच बुडतो. मग माणूस आवाज वाढवतो, स्पीकर फाटल्यासारखा वाजू लागतो आणि रस्त्यावरची माणसं वळून बघतात.

त्यापेक्षा स्पीकरच्या खोक्यावरचा एक आकडा वाचा. मोठ्या अक्षरांतल्या ‘३०० वॉट’ला भुलू नका. तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. सलग किती वॉट झेपतात, ते ‘आरएमएस’ या शब्दापुढे लिहिलेलं असतं. पण त्याहून महत्त्वाची आहे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एक वॉट दिल्यावर एक मीटरवर आवाज किती येतो तो आकडा. ८९ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९२ चा घेतला, तर निम्म्या वॉटमध्ये तेवढाच आवाज मिळतो. म्हणजे अँप लहान चालतो, वायर बारीक चालते आणि जुन्या बॅटरीवर ताणही कमी येतो. हा आकडा विचारला की काही दुकानदार जरा बावचळतात. विचारा तरीही.

दुसरी गोष्ट अंतराची. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणून मागच्या बाकाशेजारचे चार स्पीकर देणार नाहीत, ते कानाजवळचे दोन देतात. माझदाच्या एमएक्स-५ या दोन सीटच्या उघड्या गाडीच्या पहिल्या पिढीत तर सीटच्या हेडरेस्टमध्येच स्पीकर मिळत. आपल्या जीपमध्ये डॅशच्या खाली, दोन्ही कोपऱ्यांत, कानाकडे किंचित तोंड करून साडेसहा इंची कोअॅक्शियल स्पीकर बसवा. ते बंद पेटीतच हवेत. नुसते लटकवले, तर पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. प्लायची छोटी पेटी कोणताही सुतार करून देईल. तिला काळा मॅट रंग दिला की पायाजवळच्या अंधारात ती दिसतही नाही.

अँपवर ‘हाय पास’ असा खटका असतो. तो ८० ते १०० हर्ट्झवर ठेवा. छोट्या स्पीकरला न पेलणारे खोल सूर त्यामुळे गाळले जातात आणि गायकाचा आवाज मोकळा होतो. जुनी गाणी ऐकणाऱ्याला यात काही गमावल्यासारखं वाटणार नाही.

खरी जोखीम वायरमध्ये

इथे मात्र कंजुषी नको, कारण चुकीच्या वायरिंगने गाडी पेटू शकते. चार चॅनल, प्रत्येकी ५० वॉट धरले, तर अँप पूर्ण जोरात साधारण १८ अँपिअर ओढतो. हा भार हेडलाइटच्या जुन्या वायरवर टाकायचा नाही. बॅटरीपासून स्वतंत्र वायर ओढा आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज बसवा. फ्यूज अँपपाशी असून उपयोग नाही. मधली वायर घासून पत्र्याला टेकली, तर तिला कोण वाचवणार? इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट हवंच, आणि भोक शक्यतो आधीचंच वापरा.

वायर तांब्याची आहे का, हे ब्लेडने खरवडून बघा. आत चंदेरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची. अर्थिंगची वायर आखूड ठेवा आणि तिथला रंग पत्र्यापर्यंत खरवडून बोल्ट आवळा. इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ स्पीकरमधून येत असेल, तर पहिला संशय याच जोडावर घ्या. अँप चालू करणारी बारीक वायर चावीवरच्या लाइनला जोडली नाही, तर तो रात्रभर जागा राहतो आणि सकाळी तुम्ही धक्का मारता.

गाडी फारच जुनी असेल, तर आधी वायरमनकडून दोन गोष्टी तपासून घ्या. पूर्वीच्या विलीज जीपना ६ व्होल्टची बॅटरी असे. आणि जुन्या ब्रिटिश उघड्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. अशा गाडीत आजचा अँप सरळ जोडला तर तो गेलाच म्हणून समजा.

पाऊस कोकणातला असो की इंदूरची धूळ, कागदी कोनचे स्पीकर टिकत नाहीत. पॉलिप्रॉपिलीनचे घ्या, बोटीसाठी बनवलेले ‘मरीन’ मिळाले तर उत्तमच. जीप खालून धुतली जाते, तेव्हा अँप फरशीवर ठेवू नका. स्पीकर, अँप, वायर, पेट्या आणि मजुरी मिळून पंधरा हजारांच्या आसपास हे सगळं नीट बसवता येतं.

राहता राहिला आवाज किती ठेवायचा हा प्रश्न. ८५ डेसिबल रोज आठ तास ही कानांसाठी नेहमी सांगितली जाणारी मर्यादा आहे, आणि पुढच्या दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. वारा त्यात आधीच भर घालत असतो. मागच्या सीटवर लहान मूल असेल, तर त्याच्या कानांचाही विचार करा. शिवाय उघड्या गाडीतलं गाणं सगळ्या गल्लीचं असतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्यातली मर्यादा, तर रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरू शकतो.

पातळी ठरवायला एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर हूड काढून ताशी ५० ने गाडी न्या. शेजारी बसलेल्याशी ओरडल्याशिवाय बोलता आलं पाहिजे आणि मागून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. तिथे बटणावर खूण करून ठेवा. महिन्याभराने एकदा बोनेट उघडून फ्यूज आणि अर्थिंगचा बोल्ट बघा. जीपच्या हादऱ्यांनी तो हमखास सैल होतो.