डिस्कमधला गाळ

शिरूरमधल्या एका पतसंस्थेचं काम या आठवड्यात ऐन बाजाराच्या दिवशी ठप्प झालं. मांडवगण फराट्याहून ठेव मोडायला आलेली माणसं रिकाम्या हातानं परतली. सर्व्हरची डिस्क 100 टक्के भरली होती. त्यावरचा सल्ला नेहमीचाच: मोठी डिस्क घ्या. या सल्ल्याविरुद्ध मी इथे पुन्हा पुन्हा लिहिलंय, आजही लिहितो, कारण डिस्क भरली होती ती टेंपररी फायलींनी.

अहवालाची पीडीएफ करताना प्रोग्राम एक कच्ची, म्हणजे टेंपररी, फाइल तयार करतो आणि काम संपलं की त्यानंच ती पुसायची असते. मधेच वीज गेली, प्रोग्राम बंद पडला, की ती तशीच राहते. मोजदाद कुणी केलेली नाही, पण आपल्याकडे हा ढीग पुण्यापेक्षा लवकर वाढत असावा आणि त्याला लोडशेडिंग जबाबदार असावं, असा माझा अंदाज आहे.

दौंडकरांनी उजनी धरणाकडे पाहावं. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला 63 च्या वर मृत साठा, वापरायला उरतं 53 च्या आसपास. नदी गाळ आणणारच, हे धरण बांधणारे पहिल्या दिवसापासून धरून चालतात आणि त्यासाठी तळाशी जागा सोडतात. पण गाळ सगळा तळाशी जात नाही. पाण्याचा वेग जिथे मंदावतो तिथे, म्हणजे फुगवट्याच्या वरच्या टोकाला, दौंडच्या बाजूला तो आधी बसतो आणि उपयुक्त साठाच खातो. पतसंस्थेत हेच झालं. कच्च्या फायली आणि सभासदांची खाती एकाच डिस्कवर, मधे भिंत नाही. फायली वाढल्या आणि खात्यांत नोंद करायला जागा उरली नाही. धरणाची उंची वाढवली म्हणून गाळ यायचा थांबत नाही. गाळ काढणं हे वेगळं काम आहे, हे 2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणून सरकारनंही मान्य केलं. आपल्या सर्व्हरवर ते काम कुणाच्याच नावावर नाही.

हे फक्त पतसंस्थेतच होतं असं नाही. टोयोटासारख्या कंपनीचे जपानमधले सगळे 14 कारखाने 29 ऑगस्ट 2023 ला बंद पडले. सुट्या भागांच्या मागण्या सांभाळणाऱ्या सर्व्हरवर देखभालीच्या वेळी जागा अपुरी पडली, आणि पर्यायी सर्व्हर त्याच प्रणालीत असल्यानं तोही उपयोगी आला नाही. रांजणगावच्या कारखानदारांनी हे वाचून आपले सर्व्हर आजच तपासावेत.

सफाई आपोआप होईल, या भरवशावर राहू नये. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बऱ्याच आवृत्त्या ‘टेंप’ फोल्डरमधलं 10 दिवसांपेक्षा जुनं आपणहून काढतात. प्रोग्रामनं स्वतःच्या फोल्डरमध्ये टाकलेल्या फायलींना मात्र हा नियम लागत नाही. शिवाय एखादी फाइल प्रोग्रामनं उघडी धरली असेल, तर पुसूनही जागा मोकळी होत नाही. तो प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. सफाई करणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो फायली पुसत राहतो आणि डिस्क भरलेलीच दिसते.

मार्चअखेरीला अहवालांचा पूर येतो. त्याआधी संचालकांनी देखभालीच्या करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कच्च्या फायली कोणत्या फोल्डरमध्ये पडतात, किती दिवसांनी निघतात आणि डिस्क 80 टक्क्यांवर गेली की फोन कुणाला जातो. आणि त्या फायलींसाठी वेगळं पार्टिशन, म्हणजे ती मधली भिंत. नव्या डिस्कच्या बिलावर सही त्यानंतर.