‘आपलाच माणूस आहे’ हे काही तारण नव्हे

मंडळी, आज जरा कडू बोलणार आहे. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

दुबई-शारजातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर सणासुदीच्या आधी एक ठरलेला मेसेज फिरतो. ‘गावाकडून थेट आंबेमोहर, इंद्रायणी. कंटेनर लागतोय. ३० टक्के ॲडव्हान्स. आपलाच माणूस आहे, निर्धास्त राहा.’ सोबत पोत्यांच्या थप्पीचा फोटो, आणि खाली मंडळाच्या एखाद्या पदाधिकाऱ्याचा अंगठा. झालं! किराणावाले, केटरिंगवाले, डबे करणाऱ्या ताया, सगळे पैसे पाठवायला मोकळे.

मग माल येतच नाही, किंवा येतो तो भलताच. तेव्हा तोच अंगठेवाला म्हणतो, ‘मी तर फक्त फॉरवर्ड केलं होतं.’

माझं म्हणणं सरळ आहे. ओळख म्हणजे तपासणी नव्हे. आणि न तपासता शिफारस करणं ही समाजसेवा नव्हे, ती दुसऱ्याच्या खिशावर दाखवलेली उदारी आहे.

तुमचा गाववाला सज्जन असेलही. पण सज्जन माणूस निर्यातदार असतोच असं नाही. पुष्कळदा तो मधला दलाल असतो, माल भलत्याच गिरणीतून उचलतो आणि कागद तिसऱ्याच्याच नावाचे असतात. बिनसलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पैसे इथून गेलेले, माणूस तिथे बसलेला. तक्रार करायला तुम्ही सुट्टी टाकून कितीदा जाणार?

बरं, तपासायला काय फार मोठी विद्या लागते का? भारतातून व्यापारी निर्यात करायची तर डीजीएफटीचा आयईसी क्रमांक लागतो. तो खरा आहे की नाही, हे त्यांच्या वेबसाइटवर दिसतं. जीएसटी क्रमांक टाकला की फर्मचं नाव, नोंदणीची तारीख, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकट कळतं. अन्नपदार्थांचा एफएसएसएआय परवाना १४ आकडी असतो, तोही ऑनलाइन पडताळता येतो. अपेडाची नोंदणी मागा. बासमतीच्या निर्यात कराराची नोंद अपेडाकडे करावी लागतेच, आणि सप्टेंबर २०२५ पासून बिगर-बासमतीलाही तो नियम लागू झालाय. हे सगळं जमेपर्यंत चहासुद्धा गार होत नाही.

मग एकच प्रश्न विचारा. या सगळ्या कागदांवर नाव एकच आहे ना? आणि बँक खातं त्याच फर्मच्या नावाचं आहे ना? खातं मेहुण्याच्या नावावर असेल, किंवा मध्येच ‘ऑडिट चालू आहे, या नव्या खात्यात टाका’ असा मेल आला, तर तिथेच थांबा. आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करा, मेलमध्ये आलेल्या नंबरवर नको.

सरकारी धोरण बघणं हाही तपासणीचा भाग आहे. २० जुलै २०२३ रोजी भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. ती खुली झाली २८ सप्टेंबर २०२४ रोजी. मधल्या काळात यूएईसाठी ७५,००० टनांची परवानगी निघाली, पण ती सरकारी मार्गाने, राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत. अशा काळात कुणी म्हणालं, ‘काळजी नको, आपली सेटिंग आहे’, तर त्याचे दोनच अर्थ. एक तर तो खोटं बोलतोय, नाही तर तुम्हाला बेकायदा व्यवहारात ओढतोय. बंदीची बातमी सगळ्यांनी वाचली होती. प्रश्न एवढाच, की ॲडव्हान्स पाठवताना ती कुणाला आठवते?

आता मालाकडे या. आंबेमोहराचा उतारा कमी, म्हणून भाव चढा. त्याच्यासारखा दिसणारा जीराशंकर आंबेमोहर म्हणून खपवला जातो, हे पुण्याच्या बाजारात लहान पोरालाही माहीत आहे. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण २५ टन तांदूळ बसतो. एवढा ‘अस्सल आंबेमोहर’ बाजारभावापेक्षा स्वस्त देतो म्हणणाऱ्याला विचारा, बाबा रे, कोणत्या तालुक्यातून गोळा केलास? करारात जात, पिकाचं साल, तुकड्याचं प्रमाण, ओलावा, पोत्याचं वजन, सगळं लिहून घ्या. आधी नमुना मागवा, आणि माल चढण्याआधी स्वतंत्र तपासणी संस्थेकडून तो नमुन्याशी ताडून घ्या.

‘आम्ही एलसी केलीय, बँक बघून घेईल’, हा दुसरा गोड गैरसमज. एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, म्हणजे यूसीपी ६०० मध्ये, स्पष्ट लिहिलंय की बँका कागदपत्रांशी व्यवहार करतात, मालाशी नाही. पोत्यात भुसा असला आणि कागद चोख असले, तर बँक पैसे देणार. म्हणून तपासणीचा दाखला हा एलसीत मागितलेल्या कागदांमध्येच असला पाहिजे. आणि बिल ऑफ लेडिंगची नुसती स्कॅन कॉपी पाहून उरलेले ७० टक्के सोडू नका. तो नंबर आणि कंटेनर नंबर जहाज कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा.

यावर ठरलेली उत्तरं मला पाठ आहेत.

‘आमची ऑर्डर छोटी, एवढा खटाटोप परवडत नाही.’ मग थेट आयात करू नका! अल रासच्या घाऊक बाजारात बंदरात उतरलेला माल डोळ्यांनी बघून, दाताखाली दाणा फोडून घेता येतो. किलोमागे थोडं जास्त जाईल, पण रात्री झोप लागेल. ज्याचं भांडवल छोटं, त्यालाच तर एक फटका पुरतो.

‘कागद मागितले की माणूस दुखावतो.’ दुखावू दे. रोज कंटेनर भरणाऱ्या निर्यातदाराला हे कागद मागितलेले नवीन नसतात, तो विचारायच्या आत पाठवतो. ‘विश्वास नाही का?’ असं उलट विचारणाऱ्याला हात जोडून नमस्कार करावा.

आणि आता मंडळवाल्यांना आणि ग्रुपच्या ॲडमिनना. तुमच्या शब्दाला इथे वजन आहे, म्हणूनच तो जपून वापरा. नियम करा, की आयईसी, जीएसटी, एफएसएसएआय आणि फर्मच्या नावाचं बँक खातं, हे चार तपशील दिल्याशिवाय पुरवठादाराची एकही जाहिरात ग्रुपवर राहणार नाही. पदाधिकाऱ्याने शिफारस केली, तर स्वतः काय तपासलं ते त्याने दोन ओळीत लिहावं. तपासलं नसेल तर अंगठा आवरावा. आणि कुणी फसलं तर ‘मंडळाची बदनामी नको’ म्हणून त्याचं तोंड दाबू नका. तुम्ही झाकून ठेवता, म्हणून तोच माणूस पुढच्या सणाला दुसऱ्या ग्रुपवर तोच फोटो टाकतो.

गावच्या तांदळाचा वास आपल्याला हळवं करतो, हे मान्य. पण तो हळवेपणा ताटापुरता ठेवा, पैसे पाठवताना नको.

पटलं तर आपापल्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली भांडायला या. येताना फक्त तुमच्या ‘आपल्या माणसा’चा आयईसी क्रमांक घेऊन या.