वजा पाव गुण

गेले दोन महिने नोकरीच्या मुलाखतींवर लिहून झालं, आता जरा मागे, बारावीपर्यंत येऊ या.

मे महिन्यात मी रामनगरला बहिणीकडे होतो. रामनगर म्हणजे जोयडा तालुक्यातलं, बेळगाव-गोवा रस्त्यावरचं, लोंढ्याजवळचं गाव. काळी नदीवर सुपा धरण झालं, जुनं सुपा पाण्यात गेलं आणि तिथल्या बऱ्याच कुटुंबांना इथे जागा मिळाली. आमचं घरही त्यातलंच. माझ्या भाचीची पीयूसी झाली, केसीईटी देऊन झाली, आणि तिने घरात सांगून टाकलं की सिव्हिल इंजिनिअरिंग शिकायला तिला इटलीला जायचंय. ताईने माझ्याकडे बघितलं. घरात बीई मी एकटाच, त्यामुळे निकाल मी द्यायचा.

"इटलीच का गं?" मी विचारलं. तिने फी आणि शिष्यवृत्ती सांगितली नाही, वायोंत सांगितलं. उत्तर इटलीतलं हे धरण, उंची २६० मीटरच्या वर. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री मोंते तोक या डोंगराचा सुमारे २६ कोटी घनमीटर भाग घसरून जलाशयात पडला. पाणी धरणावरून उसळलं आणि खालच्या लोंगारोने गावावर कोसळलं. दोन हजारांच्या आसपास माणसं गेली. धरणाची भिंत मात्र उभीच राहिली, आजही उभी आहे. त्याआधी पादोवा विद्यापीठाच्या लोकांनी जलाशयाची प्रतिकृती करून, डोंगराच्या जागी खडी घसरवून लाट किती उठेल ते पाहिलं होतं. प्रत्यक्षातली लाट त्या अंदाजाच्या कितीतरी पुढे गेली. "मामा, भिंतीचा हिशेब बरोबर होता, डोंगराचा चुकला. ते तिथे कसं शिकवतात ते मला बघायचंय." धरणामुळे उठलेल्या घरातल्या पोरीला हे विचारावंसं वाटतं, यावर मला काही बोलता येईना. म्हटलं, बस, अभ्यास करू.

बेळगावातल्या एका सल्लागाराने ताईला सांगितलं होतं की इटलीला परीक्षाच नसते, पैसे भरा, बाकीचं आम्ही बघतो. हे अर्धवट आहे. काही अभ्यासक्रमांना बारावीचे गुण चालतात, पण इंजिनिअरिंगला बहुतेक ठिकाणी प्रवेश परीक्षा लागते. मिलान आणि तोरिनोच्या पॉलिटेक्निक विद्यापीठांच्या आपापल्या परीक्षा आहेत, टोल आणि टिल. बाकी बरीच सरकारी विद्यापीठं चिझिया या विद्यापीठांच्या संघाची परीक्षा मानतात. इटालियनमधून शिकायचं तर टोल्क-आय: ५० प्रश्न, ११० मिनिटं, त्यात २० प्रश्न गणिताचे. इंग्रजीतून शिकायचं तर सेंट-एस: ५५ प्रश्न, तेवढाच वेळ. त्यात गणित १५, उतारे व आकडेवारीवरचा तर्क १५, जीवशास्त्र १०, रसायनशास्त्र १० आणि भौतिकशास्त्र फक्त ५. कोणत्या भागाला किती वजन द्यायचं हे प्रत्येक विद्यापीठ आपलं ठरवतं, तेव्हा आधी विद्यापीठाची सूचना वाचा, मग पुस्तक उघडा.

आमची भाची पीसीएमवाली, चौथा विषय कॉम्प्युटर. जीवशास्त्र दहावीनंतर सुटलेलं. सिव्हिल इंजिनिअरला मायटोकाँड्रियाचं काय करायचंय हे मला विचारू नका. शेजारच्या मुलीकडून पीयूसीचं पुस्तक आणलं. पेशी आणि आनुवंशिकता एवढं तरी पक्कं करायचं ठरलं.

अभ्यासक्रम मात्र फार अवघड नाही. केसीईटीची तयारी केलेल्या मुलाला गणित ओळखीचंच वाटेल. वेगळी आहे ती सवय. केसीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत उरलेले सगळे गोल काळे करायचे, हे आपल्या मुलांच्या हातात बसलेलं असतं. इथे बरोबर उत्तराला १, सोडलेल्याला ०, चुकलेल्याला वजा ०.२५. टोल्कमध्ये प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय असतात. डोळे मिटून उत्तर दिलं तर पाचात एकदा १ गुण मिळतो आणि चारदा पाव-पाव जातो, बेरीज शून्य. म्हणजे आंधळ्या ठोकाठोकीतून सरासरीने काहीच हाती लागत नाही, वेळ तेवढा जातो. पण एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं, तर उरलेल्या चारांतून निवडताना पारडं थोडं आपल्या बाजूला झुकतं. दोन बाद करता आले तर नक्कीच उत्तर द्यावं. हा हिशेब मी तिला स्वतःला मांडायला लावला. नुसतं सांगून पोरं ऐकत नाहीत.

दुसरी गोष्ट, प्रत्येक भागाचं घड्याळ वेगळं. गणितात वाचलेली मिनिटं पुढे नेता येत नाहीत, आणि संपलेल्या भागाकडे परत जाता येत नाही. कॅल्क्युलेटरही चालत नाही. त्यामुळे अंदाज बांधायला शिकावं लागतं, आणि त्यासाठी सुप्यापेक्षा चांगलं पुस्तक कुठे मिळणार? आम्ही गणेशगुडीला गेलो. धरणाची उंची १०१ मीटर. म्हटलं, पाणी १०० मीटर खोल असेल तर तळाशी दाब किती? ती म्हणाली, "तलाव केवढा आहे ते सांग की आधी." इथेच मुलं फसतात. दाब खोलीवर ठरतो, पसाऱ्यावर नाही. जलाशय असो नाहीतर तेवढीच खोल विहीर, पाण्याचा दाब सुमारे दहा वातावरणांइतकाच. मग पुढचा प्रश्न: सेकंदाला एक घनमीटर पाणी १०० मीटर खाली आलं तर शक्ती किती? हजार किलो, गुणिले दहा, गुणिले शंभर, म्हणजे एक मेगावॅट. पायथ्याच्या वीजघरात ५० मेगावॅटचे दोन संच आहेत. सेकंदाला निदान शंभर घनमीटर तरी लागणार, हे तिने कागद न घेता सांगितलं.

तर्काचे प्रश्न संध्याकाळी अंगणात चालायचे. "जुन्या सुप्यातली सगळी घरं पाण्याखाली गेली" हे विधान खोटं असेल तर खरं काय? भाची पटकन म्हणाली, "एकही घर गेलं नाही." चूक. "किमान एक घर गेलं नाही", एवढंच म्हणता येतं. आई तांदूळ निवडत ऐकत होती. तिने विचारलं, "किमान एक म्हणजे कुणाचं रे?" त्या दिवशी पुढचा प्रश्न काही मी घातला नाही.

परीक्षा घरूनही देता येते. त्यासाठी बंद खोली, कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर, बाजूने चित्र दाखवणारा मोबाईल आणि न तुटणारं इंटरनेट लागतं. मध्येच कुणी खोलीत आलं तर परीक्षा रद्द होऊ शकते. जोयड्यात पाऊस लागला की आधी वीज जाते, मग नेटवर्क. म्हणून बेळगावात आत्याच्या घरातली इन्व्हर्टर असलेली खोली ठरवली. चिझियाच्या सराव परीक्षाही तिथेच, त्याच खुर्चीत, त्याच मोबाईल स्टँडवर द्यायला लावल्या.

ताईची काळजी वेगळी आहे, पैशांची. सरकारी विद्यापीठांची फी आणि तिथल्या प्रादेशिक शिष्यवृत्त्या बऱ्याचशा घरच्या उत्पन्नावर आणि मालमत्तेवर ठरतात, तेव्हा आमच्यासारख्यांना आशा आहे. पण पहिल्या वर्षी ठरलेले क्रेडिट मिळाले नाहीत तर शिष्यवृत्तीचे पैसे परतही मागतात. हे मी ताईला आणि भाचीला समोरासमोर बसवून सांगितलं. दाखले सगळे कन्नडमध्ये, त्यांचं भाषांतर, अपोस्टिल, मग युनिव्हर्सिटाली या पोर्टलवर पूर्वनोंदणी, मग व्हिसा. यातला प्रत्येक टप्पा आठवडे खातो, म्हणून उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज निकालाची वाट न बघता करून टाकला. केसीईटीचे पर्यायही भरायला लावणार आहे. ते ती कुरकुरत भरेल.

परीक्षेची तारीख घेतली आहे. काल तिने बेळगावच्या खोलीचा फोटो पाठवला. टेबल, खुर्ची ठीक आहे. भिंतीवरचं कालनिर्णय तेवढं काढून ठेव म्हटलंय, उगाच कुणाला शंका नको.