रक्तपरीक्षा करावी कीं नको?

आमच्या काकूंना १९८४ सालीं शस्त्रक्रियेच्या वेळीं परक्याचें रक्त द्यावें लागलें होतें. यकृतदाहाचा 'सी' विषाणु ओळखला गेला तो १९८९ सालीं. अर्थात् त्या बाटलीची तशी परीक्षा झालीच नव्हती. डॉक्टर आतां तपासणी सुचवितात. काकू म्हणतात, "चाळीस वर्षें कांहीं झालें नाहीं; आतां कशाला उकरून काढायचें?" खरी भीति निराळीच आहे : नातीचें लग्न ठरावयाचें आहे. परंतु हा विषाणु एका पंक्तीला बसल्यानें किंवा एका तांब्यांतलें पाणी प्यायल्यानें पसरत नाहीं. यकृत मात्र तो वर्षानुवर्षें मुकाट्यानें पोखरतो. सांपडलाच, तर बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनीं बहुतेकांचा तो जातो. सोबत म्हणून आम्हीहि आमचें रक्त तपासून घेणार आहों. उपाशीं राहावें लागत नाहीं, हें ऐकून काकूंचा अर्धा विरोध मावळला आहे.