तिसरा भिडू



व्यापाराचा खेळ आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर पडलेला असतो. सुट्टी लागली की तो खाली उतरतो. चार-पाच मुले जमली तर खेळ रंगतो. पण घरात दोनच मुले आणि आईवडील कामावर, असे असले की अर्ध्या तासात भांडण होते आणि पट उधळला जातो.

आमच्याही घरी हेच झाले. आम्ही जागांचा लिलाव करून खेळायचो. थोरला मुलगा बहिणीची जिरवायची म्हणून वाटेल तो भाव बोलायचा. शेवटी धाकटी म्हणाली, "मला व्यापारही नको नि गणितही नको!" खेळ सुटला तरी चालेल, पण पोरीच्या मनात हिशेबाची भीती बसली तर ती जन्मभर पुरते. म्हणून आम्ही खेळात एक तिसरा भिडू घातला. तो दिसत नाही, बोलत नाही, पण बोली मात्र लावतो.

त्याची रीत सांगतो. जुन्या वहीच्या कागदाच्या सारख्या आकाराच्या १२ चिठ्ठ्या करा. तीन चिठ्ठ्यांवर 'अर्धा', तिनांवर 'पाऊण', चारांवर 'पूर्ण' आणि दोनांवर 'सव्वा' असे लिहा. घरात आजोबा असतील तर ते पावकी, निमकी, पाऊणकी आनंदाने म्हणून दाखवतील. त्यांनाच बँक सांभाळायला बसवा.

सोंगटी रिकाम्या जागेवर आली की ती जागा छापील भावाने विकत घ्यायची नाही, लिलाव पुकारायचा. आधी न बघता एक चिठ्ठी ओढून पटाखाली सरकवायची. ही तिसऱ्या भिडूची बोली. मग दोघांनी आपापला जास्तीत जास्त आकडा कागदावर लिहून कागद पालथा ठेवायचा आणि आळीपाळीने बोली लावायची. एक थांबला की उरलेल्याला आपला भाव एकदा वाढवता येईल. मग चिठ्ठी उघडा. जागेचा छापील भाव २००० असेल, तर 'अर्धा' म्हणजे १०००, 'पाऊण' म्हणजे १५००, 'सव्वा' म्हणजे २५००. आपली बोली चिठ्ठीइतकी किंवा जास्त असेल तर जागा आपली. कमी असेल किंवा कोणीच बोलले नसेल तर जागा तिसऱ्याची. त्याच्या जागेवर शर्टाचे एक बटण ठेवा. तिथे जो थांबेल त्याने भाडे बँकेत भरायचे. तिसरा फासे टाकत नाही, घरे बांधत नाही.

उघडलेली चिठ्ठी बाजूला ठेवायची. बाराही संपल्या की पुन्हा एकत्र करायच्या. इथेच खरे गणित आहे. पहिल्याच लिलावात १५०० बोललात तर १२ पैकी ६ चिठ्ठ्यांना जागा मिळेल. २००० बोललात तर १० चिठ्ठ्यांना. दोन्ही 'सव्वा' येऊन गेले की छापील भावापेक्षा एक पैसाही जास्त बोलण्याची गरज नाही, फक्त समोरच्याला हरवावे लागते. हे आमच्या धाकटीने तिसऱ्या दिवशी ओळखले, थोरल्याने नाही! तो बहिणीकडे बघून बोली लावत होता, ती चिठ्ठ्या मोजत होती.

आणखी दोन नियम आहेत. स्वतः लिहिलेल्या आकड्याच्या पुढे जो जाईल त्याने १०० दंड भरायचा. आणि सुरुवातीच्या रकमेचा चौथा हिस्सा पाकिटात घालून ठेवायचा. तो भाडे आणि दंड यासाठीच वापरायचा, बोलीसाठी नाही. हा नियम आमचा नाही. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला हेच सांगितले आहे: मिळकतीचे चार भाग करावे, एक उपभोगावा, दोन व्यवसायात घालावे, चौथा अडीअडचणीसाठी राखावा. त्याच सुत्तात जुगार हे संपत्तीच्या नाशाचे एक कारण सांगितले आहे. तेव्हा या खेळात खरा पैसा, अगदी चार आण्यांचाही, लावायचा नाही.

घड्याळ लावून तासाभराने खेळ थांबवा. रोख आणि जागांची छापील किंमत धरून ज्याचे जास्त तो जिंकला. पण विकल्या गेलेल्या जागांपैकी निम्म्याहून जास्त जागांवर बटणे असतील तर दोघेही हरले! एकमेकांची जिरवण्यासाठी भाव चढवला की दोघांचे खिसे रिकामे होतात आणि उरलेल्या जागा आपोआप तिसऱ्याकडे जातात. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ. हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आम्ही हे पोरांना शिकवतो, पण आम्हालाही ते उशिरा कळले. वस्तीत आमची लिलावाची भिशी होती. २० जण, दरमहा १००० रुपये. २०,००० मधून जो जास्त रक्कम सोडेल त्याला भिशी. मुलाच्या प्रवेशासाठी आम्हाला पैसे हवे होते. ३००० पर्यंत सोडायचे असे घरून ठरवून निघालो. पण समोरचा गृहस्थ हटेना, आम्हीही हटेना. ५००० सोडून घरी आलो. सोडलेल्या रकमेतले २५० आमच्या वाट्याला परत आले. बाकी आमच्या रागाची किंमत. घरची मंडळी एवढेच म्हणाली, "आकडा लिहून न्यायचा होता."

तिसऱ्या भिडूचे मोठेपण हेच आहे. त्याला राग येत नाही, कोणी डिवचले तरी तो चढत नाही. त्याचा आकडा आधी ठरलेला असतो. भिशी असो, सोन्याचा लिलाव असो की जुन्या रिक्षाचा, तिथे त्याच्यासारखे बसायला शिकावे.

जाता जाता या खेळाचे मूळही मुलांना सांगा. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ साली 'जमीनदाराचा खेळ' या नावाने पेटंट घेतले. जमीन ज्याच्या हाती तो भाडे घेऊन कसा गब्बर होतो आणि कूळ कसे नागवले जाते, हे लोकांना दाखवावे हा त्यांचा हेतू होता. पुढे १९३५ पासून 'मोनोपॉली' म्हणून खेळ खपला आणि हेतू मागे पडला. आपल्याकडे बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते याच दुखण्यावर. कोकणातल्या आजीला विचारा, खोत म्हणजे काय ते ती पटाशिवाय समजावील.

येत्या रविवारी विहारातून आल्यावर पट मांडा. बारा चिठ्ठ्या, मूठभर बटणे आणि दोन माणसे पुरेत. आमची धाकटी आता पट स्वतःच मांडते, आणि चिठ्ठ्या कोणाला मोजू देत नाही.

जयभीम!