ग्रुपचा वेग शेवटच्या गाडीने ठरवावा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापुरातल्या प्रत्येक रायडिंग ग्रुपच्या लीडरला, बाइक रॅली काढणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला आणि मुलाला गाडी घेऊन देणाऱ्या आईवडिलांना

पाऊस सुरू झाला की रविवारी पहाटे आपल्या तिन्ही गावांतून गाड्यांचे जथे निघतात. शहाडचा पूल ओलांडून मुरबाडमार्गे माळशेजला, बदलापुरातून कोंडेश्वरला, बारवी धरणाच्या जंगलरस्त्याला, नाहीतर वांगणी-नेरळ करत कर्जतकडे. आठवडाभर लोकलच्या दारात लटकणाऱ्या पोरांनी रविवारी मोकळ्या हवेत जावं, यात गैर काहीच नाही. आमचा विरोध फिरण्याला नाही. ग्रुपमध्ये निघताना एक नियम न बोलता लागू होतो, त्याला आमचा विरोध आहे: कुणी मागे पडायचं नाही.

या नियमाने काय होतं ते हिशोबाने पाहा. पुढची गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे. बारा गाड्यांच्या रांगेत शेवटच्या पोराला गोवेलीजवळ एका ट्रकमागे दहा सेकंद थांबून राहावं लागलं. तेवढ्यात तो १६० मीटरच्या वर मागे पडला. आता रांग गाठायची तर त्याला अर्धा मिनिट ताशी ८० ने गाडी हाणावी लागते, आणि तीही लीडरने ६० च्या वर काटा नेला नाही तरच. दर गतिरोधकाला, दर ओव्हरटेकला हेच पुन्हा. म्हणजे रांगेत सगळ्यात जोरात गाडी चालवतो तो शेवटचा. आणि शेवटी कोण असतो? नवा आलेला, लाजणारा, १२५ सीसीची गाडी असलेला, घाट पहिल्यांदाच पाहणारा. ज्याचा हात सगळ्यात कच्चा, त्याच्याकडून तुम्ही सगळ्यात जास्त वेग मागता. लोकलचे डबे कपलिंगने जोडलेले असतात, म्हणून शेवटचा डबा पहिल्याच्याच वेगाने जातो. तुमच्या गाड्यांना कपलिंग नाही.

आता ब्रेकचं बघा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. पुढे काही आडवं आलं हे डोळ्याला दिसून हात लिव्हरवर दाबेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो. तेवढ्यात २५ मीटर संपले. मग ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी ३५ मीटर तरी लागतात. वेग ८० झाला की फक्त ब्रेकचं अंतर पावणेदोन पटीवर जातं. हे कोरे टायर आणि स्वच्छ रस्ता धरून. आपल्याकडे बांधकामाच्या डंपरमधून सांडलेली माती काँक्रीटवर पसरलेली असते आणि पहिल्या सरीत तिचा चिखल होतो. अशा रस्त्यावर पुढच्या गाडीच्या नंबर प्लेटला चिकटून चालवणाऱ्याने ब्रेक दाबायचा तरी कधी?

खड्ड्यांचं नाव काढून कुणी हे उडवून लावू नये. खड्ड्यांनी माणसं मरतात. २०१८ च्या पावसाळ्यात शेजारच्या कल्याणात ते सगळ्यांनी पाहिलं, आणि त्याचा जाब पालिकांना आणि रस्त्याच्या ठेकेदारांना विचारलाच पाहिजे. पण जोडीला जोड लावून, गप्पा मारत चाललेल्या ग्रुपला खड्डा चुकवायला जागाच नसते. खड्डा दिसतो तो पहिल्याला. दुसऱ्याला दिसते पहिल्याची पाठ. एकट्याला जो खड्डा चुकवता आला असता, तोच ग्रुपमध्ये तिघांना पाडतो.

लीडरांनो, तुमच्याकडून आम्हाला हवं आहे ते अवघड नाही. पाच-सहापेक्षा जास्त गाड्या एका रांगेत नेऊ नका. पंधरा जण आले तर तीन तुकड्या करा आणि त्यांच्यात चांगलं अंतर ठेवा. सगळ्यात नवखा पोरगा लीडरच्या लगेच मागे, सगळ्यात मुरलेला रायडर सगळ्यात शेवटी. निघण्यापूर्वी थांबे ठरवा: माळशेजला जायचं तर गोवेली, मुरबाड, टोकावडे. थांबा प्रत्येकाला माहीत असला की रांग तुटली तरी कुणी घाबरत नाही आणि कुणी पाठलाग करत नाही. जिथे रस्ता वळतो तिथे प्रत्येकाने मागचा दिसेपर्यंत उभं राहायचं. कोरड्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचं अंतर, पावसात त्याच्या दुप्पट. घाटात एकामागे एक. माळशेजला धुकं उतरलं आणि वरून दगड यायला लागले की परत फिरायचं, आणि परत फिरायचं म्हणणाऱ्याची चेष्टा करणारा पुढच्या रविवारी ग्रुपमध्ये नको. ठाणे जिल्हा प्रशासन पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर मनाई आदेश काढतं. तो लागू असताना कोंडेश्वरचा बेत आखणारा लीडर पंधरा घरांची जबाबदारी झुगारत असतो.

आता रॅलीवाल्यांशी बोलायचं आहे, आणि इथे आमचा राग जास्त आहे. रविवारची पोरं निदान स्वतःच्या हौसेने जातात. रॅलीत त्यांना गोळा केलं जातं. जयंती असो, निवडणूक असो, नेत्याचा वाढदिवस असो, दोनशे गाड्या, एकेका गाडीवर तिघं, मागच्याच्या हातात झेंड्याचा बांबू आणि डोक्यावर हेल्मेटऐवजी फेटा. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ हेल्मेटातून सूट देतं ती पगडी बांधणाऱ्या शीख माणसाला. रॅलीपुरता बांधलेला फेटा त्यात बसत नाही. पोलिसांनी रॅलीला दिलेली परवानगी ट्रिपल सीटची परवानगी होत नाही. कल्याण-बदलापूर रस्त्यावर रॅली अडकते तेव्हा मागे रुग्णवाहिका असू शकते, आणि तिची वाट अडवणाऱ्याला कलम १९४ई खाली १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आपली ताकद दाखवायला दुसऱ्याच्या मुलाचं उघडं डोकं रस्त्यावर आणू नका.

उघड्या डोक्याची किंमत सरकारी आकड्यांतच आहे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. हेल्मेट नसलेले त्यांत ५०,०२९ होते, आणि त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेले होते. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवंच. आणि हेल्मेट म्हणजे फुटपाथवरची प्लास्टिकची टोपी नव्हे. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं बेकायदा आहे. उल्हासनगरच्या दुकानदारांनो, तसा माल दुकानात ठेवूच नका. डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण आपल्याकडून बऱ्याचदा कळव्याला किंवा सायनला न्यावा लागतो. बदलापूर ते सायन हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे, आणि ते कापेपर्यंत मेंदूतला रक्तस्राव थांबून राहत नाही.

आईवडिलांनो, अल्पवयीन मुलाच्या हाती चावी दिलीत तर कलम १९९ए खाली २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद तुम्हाला आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. पण मूल अठराचं झालं म्हणून तुमचं काम संपत नाही. तो कुणाच्या ग्रुपबरोबर चालला आहे ते विचारा. लीडरचा नंबर घ्या. त्याला फोन करून विचारा की आमचा मुलगा रांगेत कितवा असणार. उत्तर 'शेवटी' असं आलं, तर मुलाला त्या ग्रुपबरोबर पाठवू नका.

पोलीस आणि आरटीओकडे आमच्या मागण्या दोनच: पावसाळ्यातल्या रविवारी नाकाबंदी सकाळी सहाला लावा, दहाला नको. दहाला पोरं मुरबाडच्या पुढे गेलेली असतात. आणि हेल्मेट नसलेल्याला नुसतं चलान देऊन पुढे सोडू नका, तिथूनच घरी परत पाठवा.