तक्रार आजची, पत्ता गावाचा

सुरतच्या डिंडोलीत पन्नाशीपुढची चार खानदेशी माणसं जमली की बोलणं फिरूनफिरून गावावर येतं. आखाजीचा म्हणजे अक्षय्य तृतीयेचा झोका, नदीतलं पोहणं, कळण्याची भाकरी, रात्री अंगणात टाकलेल्या खाटा. आणि शेवटी पालुपद, ‘ते दिवस गेले’. यावर शिकलेल्यांचं उत्तर ठरलेलं असतं: हे निव्वळ स्मरणरंजन आहे, असं गाव कधी नव्हतंच. हा पूर्वपक्ष लेचापेचा नाही. 1972च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतली माणसं सरकारी कामांवर खडी फोडत होती, अमेरिकेतून आलेली लाल मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढत होती. जळगाव-धुळे-नंदुरबारहून सुरतच्या मागांवर माणसं आली, ती कोरडवाहू शेतीत पोट भरेना म्हणून. त्यात मानसशास्त्र सांगतं की म्हातारपणी माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत जास्त येतात. म्हणजे आठवतं ते तारुण्य, आणि श्रेय मात्र गावाच्या खात्यावर जमा होतं. सर्वांत बिनतोड पुरावा रेल्वेचा. उधना जंक्शन डिंडोलीला लागूनच आहे, आणि तापीकाठच्या लाईनीने जळगाव तिथून जेमतेम तीनशे किलोमीटर. ज्याला गाव खरोखर हवं आहे, त्याची वाट कोणी अडवलेली नाही. तरी लग्नसराईत भरून गेलेल्या गाड्या भरूनच परत येतात.

एवढं सगळं मान्य करूनही निष्कर्ष चुकतो, कारण आठवणीची ही साक्ष नेमकी कशाबद्दल आहे हेच कोणी विचारत नाही. आठवण निवड करते, हा तिच्यावरचा मुख्य आरोप. पण निवड हाच तर पुरावा आहे. सावकाराची, मिलोची, रॉकेलच्या रांगेची आठवण निघते. हळहळ मात्र त्यांच्यासाठी कोणी करत नाही. हळहळ होते ती ज्यांना फुरसत आणि मोकळी जागा लागते अशाच गोष्टींची. आता ही यादी डिंडोलीतल्या दिनक्रमाशेजारी ठेवून पाहा. मागावर बारा तासांची पाळी, पंधरवड्याला दिवसपाळीची रातपाळी. एका खोलीत पाच-सहा माणसं, अंगणाच्या जागी गल्ली, आणि गल्लीत लावलेल्या मोटरसायकली. अंगणातली खाट आठवणारा माणूस 1975चं वर्णन करत नाही, तो आजच्या खोलीबद्दल बोलतो. स्मृती भूतकाळाची कच्ची साक्षीदार असेल, पण वर्तमानाची पक्की आहे. बायकांचं ऐकलं की हे आणखी स्पष्ट होतं. नळ दारात आल्यावर डोक्यावरच्या हंड्यासाठी कुठली बाई झुरते? झुरते ती आखाजीसाठी, कारण सासुरवाशिणीला तेव्हा माहेरी चार दिवस मोकळे मिळत. घरात बसून नगावर साड्यांना टिकल्या चिकटवणाऱ्या बाईला सुट्टीचा वारच नसतो, मग तिला आखाजी आठवणार नाही तर काय?

खरा गंभीर आक्षेप वेगळाच आहे. गावाच्या आठवणीबरोबर गावाची उतरंडही मागल्या दाराने आत येते. ज्या विहिरीवरच्या गप्पांचं कौतुक होतं, त्या विहिरीवर सगळ्यांना पाणी भरता येत होतं का? हा प्रश्न ‘ते दिवस गेले’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला विचारलाच पाहिजे, आणि अनेकांसाठी ते दिवस गेले हीच मिळकत आहे हे ऐकूनही घेतलं पाहिजे. पण यातून निष्पन्न इतकंच होतं की आठवणीला आदेश मानू नये. तक्रार मानायला काय हरकत आहे? तक्रार मानली की तिचं काय होऊ शकतं, तेही डिंडोलीतच दिसतं. इथल्या छठ सरोवरावर बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली माणसं सूर्याला अर्घ्य देतात. त्यांची गंगा इथे आलेली नाही, पण चारचौघांना उभं राहायला पाणवठा आहे. खानदेशी माणसांनीही श्रावणात आपली देवी कानबाई सुरतेत आणली, वाजतगाजत रस्त्यावर काढली. रोटाचा प्रसाद अजून भाऊबंदांपुरता राहतो, हे मात्र मला खटकतं. मिरवणूक सगळ्या गल्लीची आणि ताट कुळाचं, हा गावचा हिशेब इथे चालवण्याचं कारण नाही.

उरतो वडीलधाऱ्यांचा लाडका आरोप: पोरांना गावाची ओढच नाही. ती त्यांना का असावी? ज्या नियमाने बापाला नदी आठवते, त्याच नियमाने मुलाला उत्तरायणातली गच्ची, पतंगांची काटाकाट आणि सकाळचा लोचो आठवणार आहे. बापाने त्याला ओढ शिकवण्याच्या फंदात पडू नये. त्यापेक्षा वॉर्डाच्या नगरसेवकाला गाठून विचारावं, या गल्लीतल्या पोरांना खेळायला मैदान कुठे आहे, आणि मागाच्या मालकाला विचारावं, आठवड्याची भरपगारी सुट्टी कधी मिळणार.